तलकाडच्या वाळूत राहिलेली अर्धी साक्ष

आईनं मला म्हैसूरला जाऊ दिलं ते एका अटीवर. पुण्यात नोकरी करणाऱ्या, मिशी फुटून जमाना झालेल्या माणसाला परवानगी कसली लागते, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी माझ्या आईला एकदा भेटावं. अट अशी, की रविवार बुडवायचा नाही. जिथं असू तिथलं चर्च शोधायचं, उपासनेला बसायचं आणि संध्याकाळी फोन करून संदेश कशावर होता ते सांगायचं. आम्ही नगरचे ख्रिस्ती. पाळकसाहेबांच्या प्रवचनाला आमच्याकडे संदेश म्हणतात, आणि मी घर सोडल्यापासून आई दर रविवारी माझी त्यावर तोंडी परीक्षा घेते. तिथं थापा चालत नाहीत. एक वचन चुकलं की पुढची चार तीच म्हणून दाखवते.

"अगं, तिथं सगळं कानडीत असणार. मला काय कळणार?" मी म्हणालो.

"देवाला कळतं की. तू नुसता बस. झोपू नकोस म्हणजे झालं."

खरं तर मी म्हैसूरला राजवाडा बघायला निघालोच नव्हतो. मी निघालो होतो मित्राचं लग्न जमवायला. संकेत दिघे आणि मी नगरला एका बाकावर शिकलो. आता तो म्हैसूरला एका कारखान्यात आहे आणि तिथं त्याला वैदेही मोहिते भेटली. वैदेहीचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी म्हैसुरात गेलं, पण घरात अजून मराठी बोलतात. मुलगी राजी, आई राजी, संकेतच्या घरचे तर सनईवाला ठरवून बसलेले. अडलं होतं ते वैदेहीच्या वडिलांपाशी. शंकरराव निवृत्त शाळामास्तर. ते संकेतला म्हणाले, "तुझ्या घरचे तुला चांगलंच म्हणणार. घरचा नसलेला, पण तुला लहानपणापासून बघितलेला एक माणूस आण. मी त्याच्याशी बोलतो, मग सांगतो."

"शम्या, तूच ये," संकेत फोनवर म्हणाला. माझं नाव शमुवेल, पण ते फक्त बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर. "मी त्यांना सांगून ठेवलंय, माझा मित्र दर रविवारी चर्चला जातो, तो खोटं बोलत नाही."

"या दोन्ही गोष्टी एका माणसात असतातच असं नाही रे."

"त्यांना कुठं माहितीय? तू ये फक्त."

तिसरा पराग. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तोही आमच्याच बाकावरचा, आणि मुलीकडे जेवण आहे एवढं त्याच्या कानावर गेलं होतं. तो माझ्याआधी स्टेशनवर हजर होता.

शनिवार सकाळ, हूटगळ्ळी

संकेत राहतो ती हूटगळ्ळी म्हणजे शहराची नवी कड. एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला अजून रंग न लागलेली घरं, आणि मधून कामावर निघालेल्या बसगाड्या नि मोटारसायकली. घरांच्या दारात मात्र सकाळी सकाळी रांगोळी. सिमेंटची पोती अजून ओट्यावर आहेत, नळ यायचाय, पण रांगोळी झालेली आहे. आमच्याकडे आधी कंपाउंड बांधतात.

नाश्त्याला संकेतनं कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेलं. इडली आली ती ताटलीएवढी. नगरला इडली हा पाहुणा पदार्थ, त्यामुळे सांबार मागायला आम्हाला संकोच वाटतो. इथं वाढप्या आपणहून ओतत होता आणि पराग नको म्हणत नव्हता. मग कॉफी. इथं दोघांत एक कॉफी मागायची रीत आहे, 'बाय टू' म्हणायचं की एका कॉफीचे दोन पेले येतात. परागनं विचारलं, दोन बाय वन मिळते का?

खाताना संकेत मला पढवत होता. "तीन शब्द पाठ कर. निर्व्यसनी, मनमिळाऊ, कष्टाळू. एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं."

"हे तर तुझ्या बायोडेटात असेलच."

"असू दे. तुझ्या तोंडून आलं पाहिजे." त्याची इडली तशीच होती. शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावल्यावरसुद्धा डबा संपवून जाणारा हा मुलगा. त्याची अन्नावरची वासना उडालेली मी पहिल्यांदा पाहत होतो. वैदेहीचा नाद साधा नाही, हे मला तेव्हा कळलं.

तलकाड

शंकररावांनी बोलणी घरात ठेवली नव्हती. ते म्हणाले, पाहुणे एवढ्या लांबून आलेत, तर तलकाड दाखवू. त्यांच्या जुन्या मोटारीतून आम्ही सहा जण निघालो: पुढं काका, म्हणजे शंकरराव, आणि पराग, मागं काकू, वैदेही, मी आणि दारावर चेपलेला संकेत.

"बन्नी, बन्नी! या, या. ऊट झालं का? जेवून आलात का नाही ते सांगा आधी," हे काकांचं पहिलं वाक्य. या घरची मराठी अशी चालते. आपण मराठीच्या रस्त्यानं मजेत चाललेलो असतो आणि मध्येच कानडीचा गतिरोधक येतो. मोहिते म्हैसुरात नेमके कसे आले यावर मात्र नवरा-बायकोचं एकमत नाही.

"आमचे पूर्वज घोडदळाबरोबर आले," काका म्हणाले.

"घोडदळाबरोबर हौदा? खरंच का?" मागून काकू. "घोड्यांना चंदी घालायला आले, तेवढं सांगा की त्यांना!"

वैदेही हसली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मुलगी मोजकं बोलणारी, पण डोळ्यांत मिश्किली. संकेतनं हिला काय सांगून पटवलं असेल याचा मी वाटभर विचार करत होतो.

तलकाडला वाळूच्या टेकड्या आहेत. मी समुद्राकाठची वाळू पाहिलेली आहे, ही वेगळी. कावेरीच्या काठी निलगिरीची उंच झाडं, आणि त्यांच्या बुडाशी नुसती वाळू, चढावी तेवढी कमीच. खाली देवळं गाडलेली आहेत. काही उकरून काढलीत, खड्ड्यात उतरून दर्शन घ्यायचं. कुठल्याशा बाईच्या शापानं गाव वाळूत गेलं असं सांगतात. आमच्या जिल्ह्यात मूर्तीला डोक्यावर छप्पर नाही याचं कौतुक, इथं आख्ख्या देवळाच्या डोक्यावर टेकडी.

चढावर परागच्या चपलेचा अंगठा तुटला. काकू त्याला हाताशी धरून नदीकडे गेल्या, संकेत आणि वैदेही पुढं निघाले, आणि मी मागं बघतो तर शंकरराव माझी वाट बघत उभे.

"आता निजा सांगा. खरं खरं," ते म्हणाले. "सुळ्ळु नको. खोटं मला वर्गात बसल्या बसल्या कळायचं. तुमचा दोस्त कसा आहे?"

इथं मला थांबून साक्षीबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळीत कधी कधी उपासनेत कुणीतरी उभं राहतं आणि देवानं आपलं आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांना सांगतं. त्याला साक्ष देणं म्हणतात. तिची ठरलेली वाट असते. आधी आपण किती बिघडलेलो होतो ते सांगायचं, अगदी मोकळेपणानं. मग 'पण' म्हणायचं. आणि त्या 'पण'नंतर सगळं चांगलं. पहिला भाग जितका काळा, तितका दुसरा उजळ दिसतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमचे एक बाबूकाका तर दर वर्षी आपल्या जुन्या पापांत थोडी नवी भर घालतात, आणि मंडळी ते प्रेमानं ऐकून घेते. चार लोकांसमोर माणसाबद्दल बोलायची हीच एक पद्धत मी लहानपणापासून ऐकत आलोय. संकेतचे तीन शब्द त्या क्षणी डोक्यातून साफ पुसले गेले, आणि तोंड आपल्या सवयीच्या वाटेनं चालू लागलं.

"काका," मी घसा साफ केला, "संकेत आधी फार वाया गेलेला मुलगा होता."

शंकररावांची पावलं थांबली. साक्षीच्या सुरुवातीला आमची मंडळीही अशीच स्तब्ध होते, त्यामुळे मला हुरूपच आला.

"अकरावीत हा रसायनशास्त्रात नापास झाला आणि घरी पास म्हणून सांगितलं. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले, आणि ते वाटायला हाच फिरला. मामाची नवी कोरी स्कूटर चोरून नेली आणि शेणाच्या खड्ड्यात घातली. अभ्यास शिबिराला जातो म्हणून घरून निघाला आणि गोव्याला गेला. आमच्या नाताळच्या नाटकात मागी लोकांतला, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांतला, एक पोरगा आजारी पडला म्हणून याला दाढी लावून उभा केला, तर बाळ येशूला वाहायचे खजूर यानं पडद्यामागंच संपवले. आणि आळशी तर इतका, की रविवारी दहाच्या आत यानं कधी सूर्य बघितलेला नाही!"

मी दम घेतला. आता 'पण' यायचा होता. जे सांगायला मी एवढ्या लांबून आलो होतो ते सगळं त्या 'पण'च्या पलीकडं होतं.

"पण काका, एक दिवस..."

"अहो, या की लवकर! होडीवाला थांबलाय!" नदीवरून काकूंची हाक आली, आणि शंकरराव वळून ताडताड उतरायला लागले. वाळूत त्यांना गाठणं मला जमलं नाही.

होडी म्हणजे वेताची मोठी गोल टोपली. आम्ही सगळे तिच्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलो. नदीच्या मध्यावर होडीवाल्याला काय लहर आली कोण जाणे, त्यानं टोपली जागच्या जागी गरागरा फिरवायला सुरुवात केली. पराग किंचाळत होता, काकू देवाचं नाव घेत होत्या. काकांनी डोळे घट्ट मिटले होते. तेवढ्यात मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "काका, मघाचं जरा अर्धं राहिलं..."

"साकु," ते डोळे न उघडता म्हणाले. "पुरे."

परतीच्या वाटेवर ते एक अक्षर बोलले नाहीत. काकूंनी घोडदळाचा विषय मुद्दाम काढून पाहिला, तरीही नाही.

शनिवार संध्याकाळ, लष्कर मोहल्ला

परागची चप्पल शिवायला आम्ही लष्कर मोहल्ल्यात गेलो. नगरच्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला इथं लगेच आपलं वाटतं. पत्रेवाला, टायरवाला, ट्रंका रंगवणारा, सगळे एकमेकांच्या अंगावर दुकान थाटून बसलेले. पलीकडं थोरल्या चर्चचे दोन उंच मनोरे. चांभारानं अंगठा शिवेपर्यंत परागनं म्हैसूरपाक आणला. आमच्याकडे मिळतो तो म्हैसूरपाक दगडी पाट्याच्या जातीतला. हा बोटात धरला की तूप मनगटाकडं निघतं.

मी तुकडा तोंडात टाकतोय तोच संकेतनं फोन माझ्या नाकासमोर धरला. वैदेहीचा निरोप होता: 'बाबा विचारतायत, गोव्याला कुणाबरोबर गेला होतास?'

म्हैसूरपाक घशात अडकण्यासारखा पदार्थ नव्हे, तरी अडकला.

"तुला तीन शब्द दिले होते," संकेत दात ओठ खात म्हणाला. "तीन! मनमिळाऊ म्हणायला काय झालं होतं?"

"मी त्याच्याकडेच येत होतो रे."

"कधी? आमच्या पोराच्या बारशाला?"

"साक्षीत आधी वाईट सांगतात. मग..."

"मी मेलोय का तुझ्या चर्चात? माझी कसली साक्ष देतोस?" एवढं बोलून तो पाठमोरा झाला. भांडून त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो नुसता चांभाराच्या हाताकडं बघत उभा राहिला. मित्राचं बरं करायला आलो आणि त्याच्या पायावर धोंडा घातला. 'गोव्याला याच्याबरोबर मीच होतो,' हे सांगून टाकावं असंही मनात आलं. पण त्यानं साक्षीदाराची उरलीसुरली अब्रूही गेली असती.

तेवढ्यात फोन वाजला. शंकरराव. संकेतनं तो माझ्या हातात दिला.

"तुम्ही उद्या चर्चला जाणार?"

"हो काका. इथंच, लष्कर मोहल्ल्यात एक लहान चर्च आहे."

"मी येतो," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

"म्हातारा तुझी उलटतपासणी घ्यायला येतोय," परागनं चप्पल पायात घालत निकाल दिला. "तू खरंच चर्चला जातोस का, ते आधी बघणार. तिथं खोटा ठरलास तर मग गोवासुद्धा खोटा ठरेल. संक्या, याला उद्या उठवूच नकोस!"

संकेतनं चांभाराचे पैसे दिले आणि पुढं चालू लागला.

रविवार

मी उठलो, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मोहल्ल्यातल्या बंद दुकानांमधल्या गल्लीत ते चर्च होतं, आमच्या नगरच्या चर्चच्या निम्म्यानं. दारात बघतो तर काका एकटे नव्हते, काकू आणि वैदेहीही होत्या. काकू रेशमी साडीत, डोक्यात मल्लिगेचा, म्हणजे आपल्या मोगऱ्याचा, गजरा, आणि हातातल्या पिशवीत नारळ नि केळी. "देवाच्या घरी रिकाम्या हातानं कसं यायचं?" त्या म्हणाल्या. दारातल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि नेऊन वेदीजवळ ठेवली. मला ते फार आवडलं. आमच्याकडे आधी समितीची बैठक झाली असती.

बाया उजवीकडं, पुरुष डावीकडं, हे नगरसारखंच. गाणी मात्र तबल्या-पेटीवर नाहीत, कीबोर्ड आणि ड्रमवर. एका गाण्याची चाल ओळखीची निघाली आणि मी कानडीच्या अंगावरून मोठ्यानं मराठी शब्द म्हणून टाकले. शेजारी बसलेल्या शंकररावांनी माझ्याकडं तिरका डोळा टाकला. त्यांच्या पलीकडं संकेत आणि पराग. संकेत कालपासून माझ्याशी बोलला नव्हता.

मग पाळकसाहेब काहीतरी म्हणाले आणि एक धिप्पाड गृहस्थ उभे राहिले. पांढरा शर्ट, मोठ्या मिशा. ते खाली मान घालून बोलू लागले. मला एक शब्द कळत नव्हता, पण दुसऱ्याच मिनिटाला शंकरराव माझ्या बाजूला कलले.

"अय्यो! हा रोज दारू प्यायचा म्हणतो."

"हं."

"बायकोची तांब्याची भांडी विकून प्यायला! असं सगळ्यांसमोर सांगतात? ती बाई तिकडं बसली असेल की!"

"बसली असेल."

"भावाला फसवलं, घर सोडून पळाला..." काकांचा आवाज वाढत चालला होता. "यानं स्वतःची अब्रू अशी का घालवावी? कुणी थांबवत का नाही?"

"काका, थांबा जरा," मी म्हणालो. "अजून 'पण' यायचाय."

"म्हणजे?"

"येईल. ऐका तुम्ही."

शंकरराव मान वर करून ऐकू लागले. गृहस्थांनी रुमालानं तोंड पुसलं, थोडं थांबले, आणि त्यांचा आवाज बदलला.

"आदरे!" काका केवढ्यांदा तरी म्हणाले. पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं. "आदरे म्हणाला! 'पण' म्हणाला तो!"

मग मला मराठीत सांगायचं ते विसरूनच गेले. गृहस्थ बोलत होते आणि काका ऐकत होते. बायकांच्या बाजूनं एक बाई पदरानं डोळे टिपत होती. शेवटी सगळी मंडळी "स्तोत्र!" म्हणाली, म्हणजे देवाची स्तुती असो, ते गृहस्थ बसले, आणि शंकरराव सावकाश माझ्याकडं वळले.

"तुमचा आदरे काल वाळूतच राहिला काय?"

"होडीवाला आडवा आला, काका."

त्यांच्या मिशीचा एक कोपरा हलला. एवढ्यात पाळकसाहेबांची नजर आमच्यावर पडली. पाहुण्यांनी उभं राहून चार शब्द बोलायचे, ही रीत त्यांच्याकडंही आहे, आणि ती नेमकी माझ्यावर आली. मी उभा राहिलो आणि खुणेनं सांगितलं, कानडी येत नाही. पाळकसाहेब भाषांतर करणारं कुणी शोधू लागले, तर शंकरराव आपणहून उठले. आयुष्यभर फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस तो, सभेत जागा मोकळी दिसल्यावर बसून कसा राहील?

"बोला," ते मला म्हणाले. "निजा बोला."

मी बोलायला लागलो. एक वाक्य माझं मराठी, एक वाक्य त्यांचं कानडी.

"माझे वडील गेले तेव्हा मला पुण्याला नोकरी लागून महिनासुद्धा झाला नव्हता. आई नगरला एकटी राहिली. तिचे गुडघे दुखतात, चर्च लांब. मी तिला म्हणालो, आता घरीच प्रार्थना कर."

काकांनी सांगितलं.

"पण रविवारी सकाळी दारात स्कूटर येऊन उभी राहिली. जो मुलगा रविवारी दहाच्या आत उठत नसे, तो आठाला अंघोळ करून आला होता. तो माझ्या आईला चर्चला घेऊन गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. म्हैसूरची नोकरी लागेपर्यंत तो दर रविवारी आला."

काका थांबले. "निजा?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"निजा, काका."

त्यांनी सांगितलं. आता त्यांचा मास्तरी सूर जरा खाली आला होता.

"उपासना संपेपर्यंत तो बाहेर लिंबाखाली बसून राहायचा. आई आत बोलवायची, तर म्हणायचा, आत आलो तर मला झोप लागेल. नगर सोडताना शेजारच्या रिक्षावाल्याला चर्चचा रस्ता आणि आईचे गुडघे दोन्ही समजावून गेला. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. आईनं सांगितलं. मी माझ्या आईचा मुलगा, मी पुण्यात होतो. तो तिथं होता. तो आज इथं बसलाय आणि कालपासून माझ्याशी बोलत नाहीय, कारण मी त्याची अर्धीच साक्ष दिली. म्हणून उरलेली आज दिली."

पराग छताकडं बघत होता. संकेतची मान इतकी खाली गेली होती की नुसता भांग दिसत होता.

शंकररावांनी माझं शेवटचं वाक्य सांगितलं. मी बसायला लागलो, तर ते अजून बोलतच होते. त्यांनी संकेतकडं हात केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ई हुडुगा नम्म अळिया! मदुवेगे एल्लरू बन्नी!"

सगळ्या चर्चनं टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेब हसले. काकूंनी कपाळाला हात लावला, वैदेहीनं ओढणीनं तोंड झाकलं, आणि कारखान्यात राहून थोडंफार कानडी शिकलेला संकेत कानापासून मानेपर्यंत लाल झाला.

"काय म्हणाले ते?" मी त्याला विचारलं.

"म्हणाले," त्यानं कान चोळला, "म्हणाले, हा मुलगा आमचा जावई. लग्नाला सगळ्यांनी या."

"पण मी एवढं बोललोच नव्हतो!"

"भाषांतरात थोडं इकडं तिकडं होतंच," शंकरराव बसत म्हणाले आणि पुढच्या गाण्याचं पान शोधायला लागले. संकेतनं त्यांच्या पाठीमागून हात लांबवला आणि माझ्या मांडीला कचकचून चिमटा काढला. कालपासून त्यानं आपणहून केलेलं ते पहिलं बोलणं. अजून तिथं निळं आहे.

मग पाळकसाहेबांचा संदेश झाला. चांगला लांब झाला. मी झोपलो नाही, एवढंच सांगू शकतो.

जेवण मोहित्यांच्या घरी. पुरणपोळी होती, तिला ते होळिगे म्हणतात, आणि शेजारी वाटीत जे आलं ते आमटी आणि सांबार यांच्या मधलं काहीतरी होतं. परागनं ते तीनदा मागितलं. काका अर्ध्या जेवणात एकदम म्हणाले, "गोव्याला कुणाबरोबर गेला होता, ते मात्र राहिलंच." पराग आणि मी एकाच वेळी पाण्याचा पेला तोंडाला लावला. "आयितु," काका हसायला लागले. "झालं. कळलं मला."

संध्याकाळी गाडीत बसण्याआधी आईचा फोन आला.

"गेला होतास?"

"गेलो होतो."

"संदेश कशावर होता?"

मला कानडीतला एक शब्द कळला नव्हता, आणि थापा तिथं चालत नाहीत.

"संकेतवर," मी म्हणालो.

"आपल्या संकेतवर?"

"हो. कानडीत झाला. त्याच्या सासऱ्यांनी सांगितला."

मग आईनं नाक ओढलं.

"माझे गुडघे आले का त्यात?"

"आले."

"बरं," आई म्हणाली. "त्याला सांग, लग्न रविवारी धरू नकोस म्हणावं. मी रविवार बुडवत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"